मध्यम, मागून बारीक

गाणं ऐकायला माणसं जमतात, कुस्ती बघायला जमतात. हजामत बघायला कुणी जमत नाही. सलूनमध्ये नंबर येईपर्यंत आपण तिथला चुरगळलेला पेपर वाचतो, नाहीतर मोबाइल. खुर्चीवर काय चाललंय ते बघायचं कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नसतं. पण आमच्या इमारतीत, दोन जिने वर, एक निवृत्त हेडमास्तर राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, डिमेन्शिया होऊन बरीच वर्षं झालेली. घरातले आणि बाहेरचे सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचे केस कापायला जे गृहस्थ घरी येतात, त्यांना सगळे मामा म्हणतात. एकदा सहज तिथे बसलो होतो, तेव्हा मामांचं काम पाहिलं. तेव्हापासून ते आले की मी वर जातो.

साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला; म्हणजे शंभरात सात-साडेसात. या सगळ्यांचे केस महिन्याला अर्धा इंच वाढतच असतात, आणि ते कापणं हा घरोघरी मोठा प्रसंग असतो. सलूनमध्ये न्यावं तर फिरती खुर्ची, चहूबाजूंनी आरसे, टीव्ही, अनोळखी हात. म्हणून न्हावी घरी येतो. पण घरी येणं ही झाली नुसती सोय. कला त्यापुढे सुरू होते.

प्रवेशच बघा. मामा दारातून थेट खुर्चीमागे जात नाहीत. या आजारात नजरेचा परीघ आवळत जातो. बाजूने आलेला हात एकदम हवेतून उगवल्यासारखा वाटतो. म्हणून ते समोर येऊन बसतात, अण्णांच्या डोळ्यांच्या पातळीवर. ‘ओळखलंत का?’ हा प्रश्न ते विचारत नाहीत. भेटीला येणारा प्रत्येक शहाणा माणूस तो विचारतो आणि अण्णांची रोज नव्याने परीक्षा घेतो. मामा पिशवी उघडून फणी, कात्री, नॅपकिन एकेक करून स्टुलावर मांडतात, सावकाश, दिसेल असं. आपण कोण आहोत ते हत्यारांनाच सांगू देतात. मग म्हणतात, “अण्णा, कसे करू?”

आणि सकाळी ज्यांना मुलाचं नाव सापडत नव्हतं ते अण्णा पट्कन सांगतात, “मध्यम. मागून बारीक.”

महिन्यातून एकदा, साठ-पासष्ट वर्षं उच्चारलेलं हे वाक्य. नावं आणि तारखा जिथून लवकर पुसल्या जातात तिथे ते राहतच नाही. ते सवयींच्या खोलीत राहतं आणि सवयी उशिरा जातात. मामांना उत्तर पाठ आहे. तरी ते दर वेळी विचारतात, आणि माझ्या मते पुढचा अर्धा तास या प्रश्नावर उभा असतो. हुकूम अण्णांनी दिलाय, मामा तो पाळतायत. ‘चला अण्णा, केस कापायचेत’ असं सूनबाई म्हणाल्या असत्या तर गणित उलटं झालं असतं.

कधी कधी हुकूम मिळत नाही. एका गुरुवारी अण्णांनी विचारलं, “आज शनिवार ना?” शनिवारी केस कापायचे नाहीत, हा त्यांच्या घरचा जुना नेम. सूनबाई कॅलेंडर दाखवायला निघाल्या, तर मामांनी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं. “बरोबर आहे तुमचं, उद्या येतो,” म्हणून हत्यारं गोळा केली, स्वयंपाकघरात जाऊन चहा घेतला आणि दहा मिनिटांनी पुन्हा दारातून आत आले. “अण्णा, आलो बघा. कसे करू?” “मध्यम. मागून बारीक.” याला खोटेपणा म्हणणारे भेटतील. मला विचाराल तर अण्णांचा नेमही राहिला आणि केसही कापले गेले.

तयारीतही बघण्यासारखं पुष्कळ आहे. सलूनमधलं नायलॉनचं कापड गळ्याशी आवळलं की हात आत अडकतात आणि माणूस बांधला गेल्यासारखा धडपडतो. मामा धुवट पांढरा पंचा खांद्यांवर सैल टाकतात, हात मोकळे ठेवतात. पांढराच का, तर काळ्या कापडावर पांढरे केस पडले की अण्णा ते किडे समजून झटकत बसतात. मोकळ्या हातांना काम म्हणून एक जादा फणी असते: “जरा धरा हो अण्णा.” फणी धरलेला हात कात्रीकडे जात नाही. पाण्याचा फवारा नाही. फवारा म्हणजे तोंडावर अचानक पाऊस. ओला नॅपकिन डोक्यावरून फिरतो. खुर्ची हातांची, स्थिर, पाय जमिनीला टेकलेले. वेळ सकाळची, नाश्त्यानंतरची, कारण संध्याकाळ झाली की अण्णांची घालमेल सुरू होते आणि ते ‘घरी जायचंय’ म्हणू लागतात, घरातच बसून.

आता कात्री. इथे कान लावावा लागतो. चांगला कारागीर केस कापत नसतानाही कात्री हवेत वाजवत ठेवतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ती नुसती लकब आहे असं मी समजत होतो. मामांच्या हातात तिचा उपयोग होतो. गवई थांबला तरी तबलजीचा ठेका चालू राहावा तशी ती कात्री चालू राहते: चार टिचक्या हवेत, एक केसांत, पुन्हा चार हवेत. त्यामुळे आवाज कधी अचानक सुरू होत नाही, म्हणून दचकवत नाही. आणि हत्यार कुठे आहे हे अण्णांना न बघता कळत राहतं. दुसरा हात डोक्यावरून उठत नाही. आधी खांद्यावर, मग मानेवर, मग वर सरकत जातो. स्पर्श तुटला की पुढचा स्पर्श परका होतो.

पण मला सगळ्यात थोर वाटतो तो कापण्याचा क्रम. सलूनचा शिरस्ता असा की एक बाजू पुरी करायची, मग दुसरी, मग माथा. मधेच गिऱ्हाईक उठलं तर अर्धं डोकं शेतातल्या धसकटासारखं दिसेल. सलूनमध्ये कुणी उठत नाही. इथे मात्र अण्णा कोणत्याही क्षणी उठतील, आणि उठले की पुन्हा बसतीलच असं नाही. म्हणून मामा थोडं डावीकडे कापतात, तेवढंच उजवीकडे, मग मागे. कंगव्यावर कात्री धरून, बोटभर, मग अर्धं बोट. फेरी पुरी, पुन्हा पहिल्यापासून, आणखी थोडं खाली. डोकं एकाच वेळी सगळीकडून लहान होत जातं. कुठेही थांबा, केस कापून झालेलेच दिसतात. जास्त दिसणारी जागा, म्हणजे कपाळ आणि भांग, आधी, मान शेवटी. भांग डावीकडचाच. ‘मशीन फिरवून झिरो करून टाका, दोन महिन्यांची चिंता नाही,’ असा सल्ला नातेवाईक हमखास देतात. सोयीचा आहे, पण जन्मभर भांग पाडलेल्या माणसाला अनोळखी करून टाकणारा आहे. शिवाय मशीनची घरघर कवटीच्या हाडातून आत जाते. मामा ते मानेपुरतंच वापरतात, आधी अण्णांच्या तळहातावर चालू करून दाखवून. वस्तरा ते इथे काढतच नाहीत: कातडी कागदासारखी, त्यात रक्त पातळ करण्याच्या गोळ्या. कानातलं यंत्र अगदी शेवटी काढायचं आणि लगेच परत बसवायचं.

आरसाही नाही. अण्णांना आरशात कधी कधी कुणी तरी म्हातारा परका दिसतो, आणि ते त्याला बसायला सांगतात. मागे दुसरा आरसा धरून मान दाखवण्याचा न्हाव्याचा जो मानाचा शेवट, तो मामांनी बदलला आहे. अण्णांचाच हात धरून ते त्यांच्या मानेवर ठेवतात. “बघा, बारीक झालं?”

घरी येणारा न्हावी अण्णांच्या पिढीला नवा नाही, हेही मामांच्या पथ्यावर पडतं. बलुत्याचा न्हावी धोकटी घेऊन ओसरीवर यायचा, पाटावर बसवायचा, सुगीला धान्य न्यायचा. लहानपणचं ते चित्र शेवटपर्यंत टिकतं. मात्र त्याचे उमाळे काढायचं कारण नाही. त्या व्यवस्थेत न्हाव्याला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या डोक्याला त्याची कात्री लागत नव्हती. मामा बोलावल्यावर येतात, त्यांना जमेल त्या दिवशी येतात, आणि रोख पैसे घेतात.

बायकांचं प्रकरण वेगळं आणि अवघड. शेजारच्या आजींकडे पार्लरमधली मुलगी येते. घरच्यांना बॉबकट हवा होता, धुवायला सोपा. आजींनी दोन्ही हातांनी अंबाडा धरून आकांत केला. आज नव्वदीला आलेल्या बाईने लहानपणी घरात केशवपन झालेली एखादी आत्या, आजी पाहिलेली असू शकते: लाल अलवण, आणि ठरल्या दिवशी मागच्या दारी आलेला न्हावी. 1890 मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं सभा घेऊन ठरवलं खरं, पण प्रथा लगेच संपली नाही. आजींच्या मनात तेच होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना सांगता येत नाही, तेव्हा आपणही सांगू नये. ती मुलगी मात्र हुशार. ती ‘कापते’ म्हणतच नाही. वेणी घालते, तेल लावते आणि म्हणते, “टोकं सारखी करते हं, आजी.” दर खेपेला दोन बोटं. चार-पाच महिन्यांत केस खांद्यावर आले आणि अंबाडाही राहिला, लहानसा.

मामांच्या कामात खोट काढायची तर काढता येते. परवा उजवा कल्ला डाव्यापेक्षा बोटभर लांब राहिला. सूनबाईंनी तो दाखवला. मामा म्हणाले, “उजव्या कानाला आज हात लावू देत नाहीयेत. बुधवारी येऊन करून जातो, त्याचे पैसे नकोत.” हे मात्र मला पटलं नाही, आणि मी तसं बोललो. कल्ला दोन मिनिटांत होतो, हे खरं. पण त्यासाठी दुकान बंद करून यायचं, दोन जिने चढायचे, समोर बसून हत्यारं मांडायची, “कसे करू?” विचारायचं, आणि शनिवार निघाला तर चहा पिऊन पुन्हा यायचं. या सगळ्याचे पैसे घ्यायलाच हवेत.