पद्मतीर्थाकाठचे आरमार

आमच्या वाशीमपासून समुद्र सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरांवर आहे. पाणी म्हणाल तर पद्मतीर्थातलं, आणि त्यात काही आरमार मावत नाही. तरीही आमच्या बैठकीत एका नाविकाचा फोटो टांगलेला आहे. हे आमचे चुलतआजोबा. फोटोमागे शाईने लिहिलंय, 'मुंबई, जानेवारी 1946'.

आम्ही पडलो बी.कॉम.; कलेतलं आम्हाला काय कळणार? पण वीस वर्षं बँकेत सह्या ताडून नजर जरा संशयी झाली आहे, तिनेच पाहतो.

रचना म्हणाल तर सुमार. मागच्या पडद्यावर संगमरवरी खांब, तळं आणि दोन हंस. नौदलाच्या माणसाला हंसांच्या तळ्याकाठी उभा करणारा फोटोग्राफर एकतर विनोदी असावा, नाहीतर घाईत. गणवेश मात्र कडक इस्त्रीचा. गोल टोपीच्या फितीवर नुसतं 'एच.एम.आय.एस.', पुढे जहाजाचं नाव नाही. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून युद्धकाळात ते गाळत. शत्रूचं ठाऊक नाही, आम्हा नातवंडांना तो अजून लागलेला नाही.

फोटो हा ताळेबंदासारखा असतो. 'अमुक तारखेस' एवढंच तो सांगतो. दुसऱ्या दिवशीचं बोलत नाही. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत 'तलवार'वरच्या नाविकांनी संप पुकारला. निमित्त निकृष्ट जेवणाचं, मूळ दुखणं गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अपमानाचं. बघता बघता 78 जहाजं आणि सुमारे 20,000 नाविक त्यात उतरले. वल्लभभाईंच्या शब्दावरून 23 तारखेला ते शरण गेले. पुढे 476 जणांना नोकरीतून काढलं. स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतलं नाही.

आजोबा ट्रंक घेऊन घरी आले. 'तिकडची हवा मानवली नाही,' असं घरात ठरलं. मग जन्मभर किराणा दुकानात बसले. बंडवाल्यांना सरकारने कालांतराने स्वातंत्र्यसैनिक मानलं, तेव्हाही त्यांनी अर्ज केला नाही. हवा न मानवल्याची पेन्शन थोडीच मिळते!

ते गेल्यावर ट्रंकेच्या तळाशी नोकरीतून काढल्याचा कागद निघाला. म्हणजे घरच्यांनी गणवेश भिंतीवर लावला आणि तो उतरवण्याचं कारण माळ्यावर टाकलं!

आता फ्रेमला वाळवी लागली आहे. नवी करताना कागदही शेजारी बसेल एवढी रुंद घ्यावी, असा आमचा अभिप्राय. काकांचा सक्त विरोध आहे. म्हणतात, "अरे, काढून टाकल्याचं पत्र काय कुणी बैठकीत लावतं?"