ग्राफीनचा थर आणि संवेदनक्षमतेचा दावा

द्विमितीय नॅनोपदार्थांमुळे प्रकाशीय जैवसंवेदक अधिक संवेदनक्षम होतात, असे आपण वारंवार वाचतो. हा विचार रुजवणारा एक शोधनिबंध सिंगापूरच्या संशोधकांनी २०१० साली ‘ऑप्टिक्स एक्सप्रेस’मध्ये प्रसिद्ध केला. तो बारकाईने वाचण्याजोगा आहे.

मूळ संवेदक आपल्या परिचयातल्या साहित्याचाच. लोलकाच्या एका पृष्ठावर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असतो. आतून त्यावर पडणारा प्रकाश एरवी पूर्ण परावर्तित होतो. परंतु एका ठराविक कोनात त्याची ऊर्जा सोन्यातील इलेक्ट्रॉनांच्या आंदोलनात खर्च होते आणि परावर्तनाच्या आलेखात खड्डा पडतो. सोन्यावर रेणू चिकटले की तेथील अपवर्तनांक बदलतो व खड्डा सरकतो. स्वीडनमध्ये १९८३ साली हे तंत्र जैवरेणूंसाठी वापरले गेले.

निबंधात या सोन्यावर ग्राफीन चढवले आहे, तेही गणिताने. लेखकांनी हे लपवलेले नाही. त्यांच्या सूत्राप्रमाणे दर थरामागे संवेदनक्षमता अडीच टक्के वाढते, म्हणजे दहा थरांनी २५ टक्के. याला आणखी एका गुणकाने गुणायचे: कार्बनी कड्या असलेले जैवरेणू ग्राफीनला अधिक चिकटतात, त्याचा हा गुणक. त्याची किंमत मात्र सूत्रात ‘एकाहून जास्त’ एवढीच!

येथेच अडचण आहे. ग्राफीनचा एक थर सुमारे २.३ टक्के प्रकाश शोषतो. थर वाढवावेत तसा खड्डा रुंद व उथळ होत जातो. तराजूचा काटा लांब केला, पण त्याचे टोकही जाड केले, तर काटा जास्त हलेल. वाचन अधिक अचूक होईलच असे नाही. शिवाय ग्राफीनची चिकटण्याची आवड निवडक नाही. रुग्णाच्या रक्तात शोधायचे प्रथिन नगण्य, आणि अल्ब्युमिन मुबलक. तेही चिकटले तर खड्डा तितक्याच ऐटीत सरकेल, आणि नसलेला रोग आहे असे वाटेल.

पुढे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, काळा फॉस्फरस यांचेही थर असेच कागदावर रचले गेले. काळा फॉस्फरस हवा व पाण्याच्या संपर्कात खराब होतो. आलेखात मात्र तो ताजाच असतो. अशा निबंधात मी आता प्रथम एकच आकडा शोधतो: खऱ्या रक्तद्रवात किमान किती प्रथिन ओळखता आले? पुष्कळदा तो सापडत नाही.