मिताक्षरेंतील तृतीयांश

विवाहसंबंध तुटल्यावर स्त्रीस नवऱ्याच्या द्रव्यांत वांटा मिळावा असें आमच्या धर्मग्रंथांत आहे कीं नाहीं, या प्रश्नावर दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, विवाह अभंग; मग विभागणी कसली? दुसरा म्हणतो, आज जें जें मागितलें जातें तें सर्व ऋषींनीं पूर्वींच देऊन ठेविलें आहे. दोन्ही पक्षांनीं मूळ ग्रंथ उघडलेला दिसत नाहीं. निलंग्याच्या संग्राहकांस तरी ही उपेक्षा शोभणारी नाहीं. ज्या ग्रंथावरून हा वाद ठरावयाचा, ती विज्ञानेश्वराची मिताक्षरा निलंग्याच्या आग्नेयेस थोड्याच कोसांवरील कल्याण नगरीशीं निगडित असून सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींतील (१०७६–११२६) आहे. कल्याण आज ज्या बीदर जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत निलंगा तालुका १९५६ पर्यंत मोडत असे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत, विवाहप्रकरणीं ७६ व्या श्लोकांत असें सांगितलें आहे कीं, आज्ञा पाळणारी, दक्ष, वीरसू व गोड बोलणारी अशा स्त्रीचा जो त्याग करील, त्याजकडून तिला तृतीयांश देवविला जावा. तो निर्धन असेल तर भरणपोषण तरी द्यावें. हा तृतीयांश नवऱ्याच्या धनाचा, व तो देवविणारा राजा, असें विज्ञानेश्वर स्पष्ट करतो. म्हणजे ही दयेची गोष्ट नसून राजदंडानें वसूल होणारा अंश आहे.

मग हा नियम व्यवहारांत दिसला कां नाहीं? आमच्या मतें त्याचें एक कारण त्याच्या जागेंत आहे. कोलब्रुकनें १८१० सालीं मिताक्षरेचा जो भाग इंग्रजींत उतरविला तो दायविभागाचा, व पुढें न्यायालयांत हाताशीं राहिला तोही प्रामुख्यानें तोच. तृतीयांशाचा श्लोक आचाराध्यायांत. तो त्या पुस्तकाबाहेर राहिला. विश्वनाथ नारायण मंडलिकांनीं १८८० सालीं संपूर्ण याज्ञवल्क्यस्मृति भाषांतरासह छापली, परंतु तोंपर्यंत वाट पडून गेली होती.

असें असलें तरी या नियमाची स्तुति करून थांबणें हें टीकाकाराचें काम नव्हे. यांत दोन उणिवा आहेत. पहिली विशेषणांची. 'वीरसू' म्हणजे पुत्रवती असा विज्ञानेश्वराचा अर्थ. तेव्हां जिला मुलीच झाल्या ती या श्लोकाबाहेर पडली. स्त्रीधनाच्या प्रकरणीं ह्याच टीकाकारानें 'आद्य' ह्या एका शब्दाच्या आधारें वारसा, खरेदी, वांटणी इत्यादि मार्गांनीं आलेलें धनही स्त्रीधनांत घातलें. तेथें एका शब्दावर एवढी इमारत उभारणारा पंडित येथें हात आंखडतो, हें नमूद केलेंच पाहिजे. दुसरी उणीव अशी कीं, 'त्याग' याचा अर्थ तो अधिवेदन, म्हणजे दुसरी बायको करणें, असा करतो. अंश मिळाला तरी विवाह तसाच राहतो. स्त्री मोकळी होत नाहीं. मराठवाड्यांत अशा स्त्रीस 'टाकलेली' म्हणतात. शब्द प्राकृत झाला, अवस्था तीच राहिली.

याच्या उलट कौटिल्याचें. १९०९ सालीं शामशास्त्र्यांनीं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, त्यांत परस्परद्वेषानें मोक्ष सांगितला आहे. स्त्रीच्या अपराधामुळें पुरुषानें मोक्ष मागितला तर तिजकडून घेतलेलें त्यानें परत करावें. पुरुषाच्या अपराधामुळें स्त्रीनें मागितला तर मात्र परत करूं नये. धर्मविवाहांस तर मोक्षच नाहीं. सारांश, याज्ञवल्क्याजवळ अंश आहे पण मोक्ष नाहीं. कौटिल्याजवळ मोक्ष आहे पण अंश नाहीं. दोन्ही एकत्र कोणीं केलीं नाहींत. वर सांगितलेल्या दोन्ही पक्षांस हेंच आमचें उत्तर.

लोकाचारानें मोक्ष मान्य केला होता. दख्खनमधील जातींचे आचार स्टीलनें एल्फिन्स्टनच्या आज्ञेनें १८२७ सालीं संकलित केले. काडीमोड, सोडचिठ्ठी व पाट या चाली अनेक जातींत रूढ होत्या. आणि पाट लावणाऱ्यानें पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च भरून देण्याची चालही कित्येक ठिकाणीं असे. नवऱ्याचा खर्च मोजला जाई. बायकोनें त्याच्या शेतांत केलेली खुरपणी-कापणी कोणीं मोजीत नसे.

१९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें मोक्ष सर्वांस खुला केला. परंतु त्यांतील २७ वें कलम लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, उभयतांच्या मालकीच्या वस्तूंपुरतें. २५ वें निर्वाहाचें, तेंही न्यायाधीशाच्या विवेकावर. स्त्रीधन पत्नीचेंच राहतें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं प्रतिभा राणी प्रकरणीं ठरविलें. पण संसारांत उभयतांच्या श्रमानें वाढलेल्या जमिनीचें काय? गोव्यांत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळें, विवाहापूर्वीं निराळा करार नसल्यास, संपत्ति उभयतांची समायिक असते व विच्छेदानंतर अर्धी अर्धी होते. इतरत्र पत्नीस पतीच्या स्थावरांत अंश देऊं पाहणारें विधेयक २०१३ सालीं राज्यसभेंत संमत झालें खरें, पण लोकसभेंत संमत न होतां लोप पावलें. कल्याणच्या पंडितानें मान्य केलेला नेमका अंश आमच्या विधिमंडळांस अद्याप साधलेला नाहीं, आणि सात-बाऱ्यावर जिचें नांव नाहीं ती विच्छेदानंतर रित्या हातानें माहेरीं येते.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सनदा, वतनपत्रें आपण जपून ठेवितां. सोडचिठ्ठ्या व फारखती मात्र रद्दींत जातात. दागिना कोणाकडे राहिला, भांडीं कोणीं नेलीं, मूल कोणाकडे गेलें, हें त्याच कागदांत सांपडावयाचें. ज्याच्या दप्तरांत असा कागद असेल त्यानें त्याची तिथि, गांव, जात व त्यांत लिहिलेला प्रत्येक जिन्नस यांसह नक्कल करून ठेवावी. शास्त्रानें काय लिहिलें तें आतां कळलें आहे. स्त्रीच्या पदरांत प्रत्यक्ष काय पडलें, तें हेच कागद सांगतील.