मांडव कुणी उतरवायचा?

२०२२च्या जानेवारीत लंडनच्या सर्पंटाइन गॅलरीने 'फोर्टनाइट' या खेळात एक दालन उघडले. कोट्यवधी पोरे जिथे एकमेकांना टिपायला येतात तिथे आता कला अवतरणार, म्हणून गाजावाजाही बराच झाला. दिसली ती सर्पंटाइनचीच इमारत, हुबेहूब. आत भिंती, आणि भिंतींवर कॉज या अमेरिकी कलावंताची चित्रे. ज्या जगात माणूस आकाशातून उडी टाकतो आणि छत्री उघडून अलगद उतरतो, जिथे कुदळीच्या चार घावांत भिंत पडते आणि दोन सेकंदांत नवी उभी राहते, त्या जगात चित्र टांगायला भिंत लागली!

चिडायचे खरे कारण मात्र याच्या मागचे आहे. याच सर्पंटाइनला चौदा वर्षांपूर्वी याहून जास्त कळत होते. २००८मध्ये तिने त्साओ फेई या चिनी कलावंत स्त्रीची 'आरएमबी सिटी' लंडनच्या प्रेक्षकांसमोर आणली होती. 'सेकंड लाइफ' या आभासी जगातल्या पाण्यावर उभे केलेले ते शहर: क्रेनला लटकलेले, रेम कूलहासने रचलेले चिनी दूरचित्रवाणीचे (सीसीटीव्ही) मुख्यालय, हवेत तरंगणारा पांडा, गंज चढलेले 'बर्ड्‌स नेस्ट' स्टेडियम. चीनच्या बांधकामवेडाची ती थट्टा कुठल्याच भिंतीवर मावली नसती. त्साओ फेई तिथे 'चायना ट्रेसी' या अवतारात वावरत असे, शहराला नगरपाल होते, ते मुदतीने बदलत. २०११मध्ये शहर बंद झाले. त्यानंतरच्या अकरा वर्षांत संस्था शहरावरून भिंतीवर आली, आणि तिच्या आगेमागे इतर सगळे.

सदबीज या लिलावघराने २०२१मध्ये डिसेंट्रालँड या आभासी जगात आपल्या लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवरच्या इमारतीची प्रतिकृती बांधली, दारात दरवानासकट. त्याविषयी एवढे सांगितले तरी पुरे. व्हॅन गॉखची चित्रे प्रोजेक्टरने जमिनीपासून छतापर्यंत पसरवून तिकीट लावणारे खेळ हे कलेपेक्षा सेल्फीच्या धंद्यात जास्त मोडतात. जेफ कून्सचा फुग्याचा कुत्रा २०१७मध्ये स्नॅपचॅटवरून सेंट्रल पार्कात 'उभा' राहिला, तेव्हा सेबास्टियन एराझुरीझ या चिलीत जन्मलेल्या कलावंताने त्याची दुसरी प्रत करून तिच्यावर ग्राफिटी रंगवली. त्या सगळ्या प्रकरणात जिवंत अशी तेवढीच एक गोष्ट.

आभासी जगातले तात्पुरते मांडणशिल्प म्हणजे काय, हे कळण्यासाठी 'सेकंड लाइफ'कडेच वळावे लागते. लिंडन लॅबने हे जग २००३मध्ये खुले केले. तिथली जमीन 'रीजन'मध्ये मोजतात. एक रीजन म्हणजे २५६ मीटर लांब, २५६ मीटर रुंद चौरस. सुरुवातीच्या काळात पूर्ण रीजनवर १५,००० प्रिम मावत. प्रिम म्हणजे बांधकामाचा मूळ ठोकळा. तो काढला की अर्ध्या मीटरचा, प्लायवुडच्या रंगाचा घन समोर येतो. तो पिळायचा, पोखरायचा, निमुळता करायचा, कापायचा, आणि त्यातून खुर्चीही करायची आणि समुद्रही. एक प्रिम दहा मीटरहून मोठा होत नसे. म्हणजे कल्पना कितीही मोठी असो, हिशेब सुताराचाच: एवढे लाकूड, एवढी जागा, आता बसव. शिवाय परक्या जमिनीवर ठेवलेली वस्तू, जमीनमालकाने तशी सोय करून ठेवली असेल तर, ठरलेल्या मिनिटांनी आपोआप उचलली जाते आणि बनवणाऱ्याच्या 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डरात जाऊन पडते. मांडणी आणि उचलणी या दोन्ही गोष्टी त्या जगाच्या व्याकरणातच आहेत.

या व्याकरणात लिहिणारे कलावंत मोजकेच झाले, पण काय झाले! गाझिरा बाबेली या टोपणनावाच्या कलावंताने २००६मध्ये तिथे अँडी वॉरहॉलच्या चित्रांतले कॅम्पबेल सूपचे डबे सोडले. जवळ आलेल्या अवताराला तो डबा गिळून टाकी आणि पिच्छा सोडत नसे. वॉरहॉल पचवून बसलेल्या प्रेक्षकाला वॉरहॉलनेच पचवायला काढले. इथे शिल्प म्हणजे आकार कमी आणि स्क्रिप्टचे वागणे जास्त. एएम रेडिओ या नावाने वावरणाऱ्या कलावंताच्या 'द फार अवे'मध्ये गव्हाचे शेत होते आणि त्यात थांबलेले वाफेचे इंजिन. बस्स. तिथे लोक यायचे आणि नुसते बसून राहायचे. कॅनडाच्या ब्रिन ओ हिने 'इमर्सिव्हा' या आपल्या रीजनवर गंजलेली यंत्रे, किड्यांसारखे यंत्रप्राणी आणि तुकड्यातुकड्यांनी हाती लागणाऱ्या गोष्टी मांडल्या. 'द सिंग्युलॅरिटी ऑफ कुमिको' अंधारात उलगडते. बाटल्यांत पत्रे सापडतात, ती वाचत वाचत पुढे जायचे. चित्र पाहून झाले की निघालो, असे तिथे चालत नाही. पायपीट केल्याशिवाय कथा हाती येत नाही.

पायपिटीचा विषय निघालाच, तर या साऱ्या परंपरेतली सर्वांत मोठी कृती एका अमेरिकी माणसाने गांधींच्या नावाने केली, आणि आपल्याकडे तिची दखल घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

१२ मार्च २००८ रोजी जोसेफ डिलॅप हा कलावंत न्यूयॉर्कच्या आयबीम या संस्थेत एका ट्रेडमिलवर चढला. ती ट्रेडमिल त्याने संगणकाला जोडून घेतली होती. त्याने पाऊल टाकले की 'सेकंड लाइफ'मधला गांधींचा अवतार पाऊल टाकणार, तो थांबला की गांधी थांबणार. १९३०ला साबरमतीहून निघालेली दांडीयात्रा २४० मैलांची होती, तेवढेच मैल त्याने चालायचे ठरवले. ६ एप्रिलला तो थांबला. सव्वीस दिवस! 'सेकंड लाइफ'मध्ये कुणालाही उडता येते, एका क्लिकसरशी कुठेही जाता येते. ती सोय समोर असताना त्याने चालणे निवडले. जिथे अंतराला किंमतच नाही तिथे अंतराची किंमत स्वतःच्या पोटऱ्यांनी चुकवली.

या कृतीतले शिल्प कुठले? पंचा नेसलेला तो अवतार सुबक होता असे कुणी म्हणणार नाही. शिल्प होते ते दोन जगांमधल्या त्या ताणात: न्यूयॉर्कात घामाघूम होणारे शरीर आणि पडद्यावर निर्विकार चालत राहणारा म्हातारा. डिलॅपने पुढे पुठ्ठ्याचे सतरा फूट उंच गांधी उभे केले, मायकेलअँजेलोच्या 'डेव्हिड'इतक्या उंचीचे. तेही चांगले होते, पण ते पाहायला केव्हाही जाता येई. यात्रेला मात्र ६ एप्रिलच्या आतच यावे लागे.

इव्हा आणि फ्रँको मातेस या जोडीचे कामही याच काळातले, आणि नाव जास्त झालेले. त्यांनी 'सिंथेटिक परफॉर्मन्सेस'मध्ये जुन्या गाजलेल्या कृती अवतारांकरवी पुन्हा केल्या. ख्रिस बर्डनने १९७१मध्ये मित्राकडून स्वतःच्या दंडात गोळी मारून घेतली होती; मातेस दांपत्याने ती अवताराला मारली. न दुखणाऱ्या दंडाला लागलेल्या गोळीतून एकच विनोद निघतो, आणि तो पहिल्याच मिनिटात संपतो. योसेफ बॉइसची 'सात हजार ओक झाडे' त्यांनी तिथे नेली तेव्हा मात्र हाती काहीतरी लागले. कॅसलमध्ये प्रत्येक झाडाशेजारी एकेक बसाल्टचा दगड उभा करत बॉइसची योजना १९८२ ते १९८७ अशी पाच वर्षे चालली. जिथे झाड उगवायला क्षणही लागत नाही, तिथे ती योजना नेली की वाट पाहण्याचे काय होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

वाट पाहणे आणि मुदत, या दोन गोष्टींवर हा सगळा विषय येऊन ठेपतो. २०१० ते २०१९ या काळात 'लिंडन एंडोमेंट फॉर द आर्ट्स' ही योजना कलावंतांना ठरावीक मुदतीसाठी जमीन फुकट देत असे. मुदत संपली की जमीन रिकामी करायची. कुणाला ही भाडेकरूची अवस्था वाटेल. पण शेवटचा दिवस पहिल्याच दिवशी माहीत असला की माणूस वेगळे बांधतो. प्रत्येक प्रिम कुठे ठेवायचा यासोबत तो कसा उचलायचा याचाही विचार होतो. ख्रिस्तो आणि जाँ-क्लोद या कलावंत दांपत्याने १९९५मध्ये बर्लिनचे राइशटाग हे संसदभवन कापडात गुंडाळले ते दोन आठवड्यांसाठी. ते वर्षभर गुंडाळलेले राहिले असते तर लोकांनी त्याकडे बघणे सोडले असते.

याच्या नेमके उलटे टोक ११ मार्च २०२१ रोजी दिसले. बीपल या डिजिटल कलावंताची पाच हजार प्रतिमांची एक जेपेग फाइल लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलर्सला विकली गेली. घेणारे विघ्नेश सुंदरेशन मूळचे तमिळनाडूचे. त्यांनी बीपलची आधी घेतलेली वीस कामे आभासी संग्रहालयांत मांडलीही होती. त्या लिलावापासून वर्षभर एकच घोष ऐकू आला: ब्लॉकचेनच्या न पुसता येणाऱ्या नोंदवहीत गेले, म्हणजे कायमचे. आभासी जगाला पहिल्यांदाच पैसा भेटला आणि त्या पैशाने मागितली ती तिजोरी. कलेला टिकवण्याची हमी मिळाली, पण काय टिकवायचे हे कुणी विचारले नाही. टांगायला भिंती हव्यात हा आग्रहही इथूनच आला, कारण विकायची वस्तू आधी टांगता आली पाहिजे.

आणि कायमचे म्हणता म्हणता झाले काय? २०२०मध्ये साथीमुळे नेवाडाच्या वाळवंटातला बर्निंग मॅन हा महोत्सव रद्द झाला, तेव्हा त्याचे एक आभासी रूप अल्टस्पेस व्हीआरमध्ये भरले. अल्टस्पेस मायक्रोसॉफ्टचे होते. १० मार्च २०२३ रोजी ते बंद करण्यात आले. टाळेबंदीत कितीतरी कलाशाळांची आणि लहान गॅलऱ्यांची प्रदर्शने मोझिला हब्जमध्ये लागली. हब्जची सेवा ३१ मे २०२४ रोजी थांबली. कुणा कलावंताने 'आता पुरे' म्हटले नव्हते. ताळेबंद पाहून कुणीतरी म्हटले.

इथे काही समीक्षक हळवे होतात. सर्व्हर बंद पडण्यात त्यांना अनित्यता दिसते, बौद्ध भिक्षूंची वाळूची मंडले आठवतात, आपल्याकडच्यांना रांगोळी आणि गणेशविसर्जन. हा दाखला साफ चुकीचा आहे. गणपतीची मूर्ती अनंत चतुर्दशीला घरचीच माणसे उचलतात, आरती करून नेतात. घरमालकाने सातव्याच दिवशी कुलूप लावले आणि मूर्ती आत अडकली, तर त्याला विसर्जन कोण म्हणेल?

नलिनी मालानी यांनी १९९२मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये 'सिटी ऑफ डिझायर्स' हे काम थेट भिंतींवर चितारले, आणि प्रदर्शन संपल्यावर ते पुसले गेले. पुसणे त्यांच्या योजनेतच होते. गॅलरीवाल्याने परस्पर चुना फासला असता तर ती बातमी झाली असती, कलाकृती नव्हे. तात्पुरती कलाकृती आणि बंद पाडलेली कलाकृती यांत हा फरक आहे, आणि तो पुसट करणारे लिखाण, कितीही सुंदर असो, शेवटी कंपनीच्या कामी येते.

दुसरी सबब जतनवाल्यांची. व्हिडिओ काढून ठेवला आहे ना, मग झाले. संग्रहालयात पडद्यावर लागलेला 'सेकंड लाइफ'चा व्हिडिओ म्हणजे लग्नाची सीडी. वऱ्हाडी म्हणून जेवलेल्यांनाच ती गोड लागते. बाबेलीचा डबा अंगावर यायला अंग हवे, कुमिकोच्या अंधारात चुकायला चुकण्याची मुभा हवी. नोंद जरूर ठेवावी, पण तिच्यावर 'कलाकृती' अशी पाटी लावू नये.

यावर कुणी म्हणेल, 'सेकंड लाइफ'ही एका कंपनीचीच मालमत्ता आहे. आहेच. उद्या तेही बंद पडेल. त्याने डिलॅपच्या यात्रेचे काही बिघडत नाही. ती संपली कारण २४० मैल संपले. म्हणून प्रश्न कंपनी चांगली की वाईट हा नाहीच. प्रश्न आहे तो कलावंताने आपला शेवट स्वतःकडे ठेवला की नाही याचा. ज्याने तो मुळात ठरवलाच नाही, त्याने सर्व्हर बंद झाल्यावर गळा काढू नये.

तेव्हा यापुढे आभासी जगात प्रदर्शन भरवणाऱ्यांनी निमंत्रणावर चित्रकारांच्या नावांखाली तीन गोष्टी छापाव्यात: हे किती दिवस राहील, ते कोण उतरवणार, आणि सामान कुठे जाणार. गल्लीतला मांडववालासुद्धा बांबू रोवण्याआधी मांडव कधी सोडायचा ते विचारून घेतो. ज्या निमंत्रणावर ही उत्तरे नसतील, तिथे फिरकण्यात वेळ घालवू नये. आणि आत भिंतींवर चौकटी दिसल्या, तर आल्या पावली परतावे.

'सेकंड लाइफ'मध्ये बर्निंग मॅनच्याच धर्तीवर २००३पासून 'बर्निंग लाइफ' भरत असे, २०१०पासून त्याचे नाव 'बर्न२' झाले. तिथे माणसे वाळवंटी जमिनीवर आठवडेच्या आठवडे खपून देऊळ बांधतात. ते कधी जाळायचे ते आधी जाहीर होते, लोक त्या वेळी जमतात, आणि बांधणारेच त्याला आग लावतात.