इंग्रजी निबंध आणि मराठी वाक्य : भाषांतर-पाठमालेच्या पद्धतीचा फेरविचार

परीक्षेतील इंग्रजी निबंधाविषयी महाराष्ट्रात जे विवेचन होते ते बहुधा दोन पक्षांत विभागलेले असते. एका पक्षाच्या मते विद्यार्थ्याचा शब्दसंग्रह तुटपुंजा असतो. तो वाढविला म्हणजे निबंध साधेल. दुसऱ्या पक्षाला व्याकरणाचा पाया कच्चा दिसतो. दोन्ही पक्षांनी आपापली पुस्तके निर्माण केली आहेत, आणि नागोठण्यासारख्या गावातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात ती सुखाने एकत्र नांदतात. उत्तरपत्रिकेत मात्र त्यांची गाठ क्वचितच पडते. शब्द पाठ असतात, नियम पाठ असतात, आणि निबंध तिसऱ्याच कोणीतरी लिहून ठेवलेला असतो. तोही पाठ असतो.

या परंपरेतील सर्वांत प्रतिष्ठित ग्रंथ म्हणजे तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला. तीन भागांच्या या मालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. पाठाच्या आरंभी थोडे शब्द व त्यांचे मराठी अर्थ, मग एखादा नियम, आणि त्यानंतर इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत करावयाची सुटी वाक्ये, असा तिचा क्रम. प्रत्यक्ष-पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी पुढे या क्रमाची बरीच हेटाळणी केली. वर्गात मातृभाषेचा उच्चार होताच इंग्रजी बाटते, अशीच जणू त्यांची श्रद्धा होती. पाठमालेवरील हा आक्षेप मुळातच चुकीच्या जागी आहे. तिने मराठीचा आधार घेतला हा तिचा दोष नव्हे; तो आधार तिने फार लवकर सोडला, हा तिचा दोष होय. मराठी शब्दापाशी ती थांबली, मराठी वाक्यापर्यंत क्वचित पोहोचली, आणि मराठी परिच्छेदापर्यंत गेलीच नाही.

उपपदाचे उदाहरण घ्यावे. मराठीत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांना प्रतिशब्द नाहीत, म्हणून ही कल्पनाच मराठी मुलाला परकी, असे गृहीत धरून पुस्तके नियमांची जंत्री देतात : स्वरापूर्वी अमुक, नदीच्या नावापूर्वी तमुक. परंतु पुढील दोन वाक्ये पाहावीत. ‘अंबा नदीवर एक जुना पूल आहे. पूल दगडी आहे.’ नागोठण्याचा कोणताही मुलगा दुसऱ्या वाक्यात ‘एक’ घालणार नाही. पहिल्या वाक्यात पुलाची ओळख करून दिली, दुसऱ्यात तो ओळखीचा झाला, हे भान त्याला उपजत आहे. इंग्रजी पहिल्या ठिकाणी ‘ए’ व दुसऱ्या ठिकाणी ‘द’ घालते, ते याच कारणासाठी. मराठीत हा भेद विभक्तीनेही दाखविता येतो. ‘त्याने मुलगी पाहिली’ आणि ‘त्याने मुलीला पाहिले’ या दोन वाक्यांतील अंतर लग्नाळू घरात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा निश्चितता व अनिश्चितता ही संकल्पना शिकवावयाची नसून, जी आहे तिच्याकडे बोट दाखवावयाचे आहे. मात्र हे बोट सुट्या वाक्यात दाखविता येत नाही. ‘पूल दगडी आहे’ एवढेच वाक्य भाषांतराला दिले, तर ‘ए’ की ‘द’ याचा निर्णय कोणत्याच नियमाने होणार नाही. तो मागच्या वाक्याने होतो. पाठमालेतील वाक्यांना मागचे वाक्य नसते, ही तिची खरी मर्यादा आहे. निबंध हा तर मागच्या-पुढच्या वाक्यांचाच व्यवहार.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत हीच अडचण अधिक तीव्र होते. एका मराठी शब्दासमोर एक इंग्रजी शब्द मांडून केलेली यादी डोळ्यांना नीटनेटकी दिसते. पण मराठी माणूस बोलतो ती भाषा अशा याद्यांत मावत नाही. ‘लागणे’ हे एकच क्रियापद पाहावे. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, वेड लागते, दिवा लागतो, आंबे झाडाला लागतात. एखाद्याला बस लागते, म्हणजे प्रवासात मळमळते. आणि बस फलाटाला लागते, म्हणजे ती येऊन उभी राहते. सावत्र भाऊ नात्याने कोणाचा तरी कोणी लागतो. शिवाय ‘तो रडू लागला’ आणि ‘मला जावे लागले’ हे सहायक क्रियापदाचे उपयोग वेगळेच. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजी निराळी वाट धरते : भूक विशेषणाने सांगते, वेळेला ‘टेक’ लावते, जाण्याच्या सक्तीला ‘हॅव टू’ म्हणते. म्हणजे विद्यार्थ्याला ‘लागणे’ या शब्दाचा अर्थ पाठ करून काही साधत नाही. तो शब्द ज्या शब्दाच्या शेजारी बसतो त्या जोडीचा अर्थ त्याला हवा असतो. उलट बाजूने ‘मेक’, ‘टेक’, ‘गेट’ या क्षुल्लक वाटणाऱ्या इंग्रजी क्रियापदांची स्थिती नेमकी अशीच आहे.

मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सिद्ध केलेल्या सामान्य उपयोगाच्या शब्दसूचीत सुमारे दोन हजार मूळ शब्द आहेत, व प्रत्येक शब्दाच्या कोणत्या अर्थाचा वापर किती, याचीही नोंद आहे. वेस्ट यांचा आरंभीचा अनुभव बंगालमधील शाळांचा होता, हे येथे विसरू नये. थोडे शब्द, पण त्यांचे सर्व उपयोग, हे त्या सूचीचे तत्त्व. परीक्षा-मार्गदर्शिकांनी याच्या अगदी उलट दिशा धरली. भारदस्त, क्वचित वापरातील शब्द आणि विलायती पावसात मांजरे-कुत्री कोसळविणारे वाक्प्रचार यांची त्यांत रेलचेल असते. दुर्मीळ शब्दाने परीक्षक प्रसन्न होतो, ही समजूत कोणी व कधी पसरविली हे शोधण्याजोगे आहे. उसनी पैठणी अंगावर बसत नाही हे परीक्षकालाही दिसते.

क्रियापदाच्या काळांबद्दल थोडक्यात सांगणे पुरे. ‘मी दोन वर्षांपासून नागोठण्याला राहतो’ हे शुद्ध मराठी आहे. चालू असलेल्या अवस्थेला मराठीत वर्तमानकाळ चालतो. त्याचे शब्दशः रूपांतर म्हणजे ‘आय ॲम लिव्हिंग सिन्स टू इयर्स’, आणि हे वाक्य महाराष्ट्रभर ऐकू येते. ‘आलो’ हे रूप तर भूतकाळही सांगते आणि निघण्यापूर्वीच्या हाकेला ओ देण्यासही चालते. बारा काळांचा तक्ता भिंतीवर टांगून या गोष्टी उलगडत नाहीत. दोन भाषांची वाक्ये शेजारी मांडून, येथे मराठी काय करते आणि इंग्रजी काय करते, हे दाखविले तरच उलगडतात. नेसफील्ड यांचे व्याकरण आणि पुढे रेन व मार्टिन यांचे पुस्तक यांची योग्यता मोठी; पण मराठी मुलगा नेमका कोठे घसरतो हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. (यांतील रेन म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले आणि पुढे ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहिणारे पी. सी. रेन होत.)

मराठी व्याकरणाची शाळेतील मांडणी इंग्रजीला अगदी परकी आहे असेही नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. शब्दांच्या आठ जाती मराठी मुलगा आजही ज्या चौकटीत शिकतो, ती चौकट इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर बेतलेली आहे. शब्दयोगी अव्यय म्हणजे नामाच्या पुढे न येता मागून येणारे ‘प्रिपोझिशन’च, एवढे सांगितले तरी पुष्कळ काम होते. पण मराठीचा तास व इंग्रजीचा तास यांच्यामध्ये एक भिंत असते, आणि दोन्हीकडे तेच व्याकरण दोनदा, परस्परांना न ओळखता शिकविले जाते.

मराठी निबंधाचा जन्मच इंग्रजी निबंधाच्या वाचनातून झाला, हे येथे आठवावेसे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ साली सुरू झाली. मेकॉले व जॉन्सन यांच्या लेखनाचा त्यांचा व्यासंग सर्वश्रुत आहे. जॉन्सनवर त्यांनी स्वतंत्र निबंधच लिहिला. परंतु हे वळण त्यांनी मराठीत आणले ते वाक्ये पाठ करून नव्हे. युक्तिवाद कसा रचावा, उपहास कोठे आवरावा, परिच्छेद कोठे तोडावा, हे त्यांनी वाचनातून उचलले आणि मराठी वाक्याच्या चालीत बसविले. आज उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीकडे, हाच प्रवास करावयाचा आहे. पण परीक्षेच्या निबंधाने वाचनाशी असलेले नाते तोडले आहे.

याची किंमत विषयाच्या निवडीतच दिसून येते. १९८९ च्या जुलैत अंबेच्या महापुराने जांभूळपाड्यात हाहाकार उडविला. पेण, रोहे, सुधागड या भागांत पूर हा घराघरांतील आठवणीचा विषय आहे. तरीही या खोऱ्यातील विद्यार्थी पुरावरील इंग्रजी निबंधात मार्गदर्शिकेतील पूर लिहितो. त्यात उधाणाची भरती नसते, फुटलेली खारबंदिस्ती नसते, वाहून गेलेले रोप नसते. या वस्तूंचे इंग्रजी शब्द विद्यार्थ्याच्या हाताशी नसतात, म्हणून त्या निबंधातून गळतात. मोलस्वर्थ यांच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशाकडे निबंधशिक्षणाचा ग्रंथ म्हणून कोणी पाहिलेले दिसत नाही, पाहावयास हवे. मराठी जीवनातील ज्या वस्तूला इंग्रजी प्रतिशब्द नाही, तेथे हा कोश साध्या इंग्रजीत त्या वस्तूचे वर्णन करतो : ती कशाची, कशासाठी, कोण वापरतो. शेतात राब भाजणे म्हणजे काय, हे दोन सोप्या इंग्रजी वाक्यांत सांगता येणे, याहून चांगली निबंधाची पूर्वतयारी शोधून सापडणार नाही. ‘खारबंदिस्ती’ला शब्द नसला तरी ‘समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध’ हे सांगण्यास लागणारे सर्व शब्द वेस्ट यांच्या दोन हजारांच्या आसपासच मिळतील.

हा प्रश्न केवळ शालेय नाही. १९५० च्या दशकात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवीत. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून आले. कालावधी वाढला, पद्धती पुष्कळशी तीच राहिली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २५० गुणांचा निबंध मराठीतूनही लिहिता येतो. पण ३०० गुणांची इंग्रजीची पात्रता-पत्रिका सर्वांनाच द्यावी लागते, आणि तीत निबंध असतो. तेथे चतुर्थांश गुण मिळाले नाहीत तर इतर विषयांतील कष्ट तपासलेच जात नाहीत. मार्च २०१३ मध्ये इंग्रजीचे गुण गुणवत्तेत धरण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा महाराष्ट्रातूनही मोठा विरोध झाला व तो मागे घेण्यात आला. विरोध योग्यच होता; परंतु त्या वादात इंग्रजी लेखन कसे शिकवावे याची चर्चा जवळजवळ झाली नाही. रोह्याशी नाते असलेले चिंतामणराव देशमुख यांचे उदाहरण या भागात नेहमी दिले जाते. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले, १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही पहिले आले. त्यांना मिळालेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती संस्कृतसाठी होती, आणि पुढे मेघदूत त्यांनी मराठीत आणले, हा भाग मात्र सांगताना गळतो.

पाठमालेला चौथा भाग जोडावयाचा झाल्यास तो सुट्या वाक्यांचा नसावा. विद्यार्थ्याने स्वतः मराठीत लिहिलेला दहा ओळींचा परिच्छेद घ्यावा. विषय नागोठण्याचा बाजार असो, खाडी असो, की कारखान्याच्या पाळीवरून परतणारे वडील असोत. त्याचे इंग्रजी करताना पहिल्या तपासणीत केवळ उपपदे, दुसऱ्या तपासणीत केवळ काळ, तिसऱ्या तपासणीत केवळ वाक्यांना जोडणारे शब्द पाहावेत, आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी ज्या मराठी वाक्यातून ती चूक आली ते वाक्य लिहून ठेवावे. अशा पन्नास वह्या एका वर्गात जमल्या, तर मराठी भाषकाच्या इंग्रजीतील चुकांचा एक विश्वसनीय संग्रह पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हाती येईल, व त्यावर एखादा प्रबंध सहज उभा राहू शकेल.