नखं काढली तर काय बिघडतं?

लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरून खाली गोळेगावात चहाला थांबले होते. वर गिरिजात्मजासमोर उभं राहून बघितलं की समोर शिवनेरी, खाली कुकडीचं खोरं आणि जिकडं तिकडं ऊस. माझ्या कामाचा सगळा नकाशाच जणू. टपरीवर बिबट्याचाच विषय निघाला होता. (इथं बिबट्याला अजूनही बरेच जण सरळ ‘वाघ’च म्हणतात.) बोलता बोलता एक काका मला म्हणाले, “ताई, तुम्ही एवढं शिकताय, तर एक सांगा. पकडलेल्या वाघाची नखंच काढून घेतली आन् दिला सोडून, तर काय बिघडतं?”

सगळे हसले, मीही हसले. पण परतीच्या एसटीत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण प्रश्न थट्टेतला असला तरी मूर्खपणाचा नाही. जगात लाखो घरांमध्ये हाच प्रयोग करून झालाय, फक्त बिबट्यावर नाही, त्याच्या लहान भावंडावर, म्हणजे घरातल्या मांजरावर. त्यावर अभ्यास झालेत, कायदे झालेत, भांडणं तर अजून चालू आहेत. तेव्हा आजच्या लेखात काकांचा प्रश्न गंभीरपणे घेऊ. आधी मांजराचे पुरावे तपासू, मग जुन्नरचे. आणि दोन्हीकडे माझ्याच बाजूचे लोक कुठे ढिले बोलतात, तेही सांगते.

आधी शरीररचना

आपली नखं कातडीवर उगवतात. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवतं. त्यामुळे नुसतं नख उपटलं तर ते पुन्हा येतं. पुन्हा येऊ नये असं वाटत असेल तर ते शेवटचं हाडच काढावं लागतं. म्हणजे ‘नखं काढणं’ हा शब्दच फसवा आहे. प्रत्यक्षात ते बोटाचं शेवटचं पेर छाटणं आहे. पुढच्या दोन पायांना पाच-पाच बोटं, म्हणजे एका मांजराची दहा पेरं. तुमच्या प्रत्येक बोटाचं टोकाचं पेर गेलं असं समजा आणि त्याच बोटांवर रोज चालायचं आहे, हेही लक्षात घ्या. मांजर आणि बिबट्या दोघंही तळव्यावर नाही, बोटांवर चालतात.

अमेरिकेत हे अनेक वर्षं सर्रास चाललं. कारण काय? सोफा. युरोपात 1987 च्या पाळीव प्राण्यांविषयीच्या करारातच त्याला मनाई केली गेली. अमेरिकेत वेस्ट हॉलिवूड शहराने 2003 मध्ये बंदी घातली आणि राज्य म्हणून न्यूयॉर्कने 2019 मध्ये. आपल्याकडे ही पद्धत कधी रुजलीच नाही. शिवाय 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचं 11 वं कलम आहेच. आपल्या मांजरांची नखं शाबूत राहिली, त्याचं एक कारण मला वाटतं असंही असावं की आपली मांजरं सोफ्यावर कमी आणि माळ्यावर जास्त राहिली. उंदीर धरायला ठेवलेल्या मांजराची नखं कोण काढेल?

पुरावा काय म्हणतो?

या वादात सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास निकोल मार्टेल-मोरान आणि सहकाऱ्यांचा. नखं काढलेली 137 आणि न काढलेली 137 मांजरं त्यांनी तपासली. नखं काढलेल्यांपैकी 63 टक्के मांजरांच्या पंजात हाडाचे तुकडे राहून गेलेले एक्स-रेमध्ये दिसले. नको तिथे मलमूत्र करण्याचं ‘शक्यता-गुणोत्तर’ 7.2 आलं आणि चावण्याचं 4.5.

इथे जरा थांबू या. “नखं काढलेली मांजरं सातपट घाण करतात” असं वाक्य तुम्हाला सगळीकडे सापडेल. ते चूक आहे. शक्यता-गुणोत्तर म्हणजे ‘पट’ नव्हे. समजा (आकडे माझे, फक्त उदाहरणासाठी) साध्या 100 मांजरांपैकी 10 मांजरं घरात घाण करतात. म्हणजे दहाला नव्वद. याला 7.2 ने गुणलं की प्रमाण येतं 72 ला 90. म्हणजे 100 मांजरांत साधारण 44. दहाचे चव्वेचाळीस, म्हणजे सुमारे साडेचारपट. हेही भयंकरच आहे, पण सात नाही. आपली बाजू बरोबर असली म्हणून गणित चुकवायची मुभा मिळत नाही.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची आहे. हा अभ्यास मागे वळून बघणारा आहे. मांजरं आधी निवडून, चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांची नखं काढली असं झालेलं नाही (तसं करणं योग्यही नाही). मग उलटंही असू शकतं ना? जी मांजरं मुळातच रागीट होती, त्यांचीच नखं मालकांनी काढली असतील. तसं असेल तर चावरेपणा हा शस्त्रक्रियेचा परिणाम नसून तिचं कारण ठरेल.

या शंकेला अभ्यासातच अर्धं उत्तर आहे. ज्या मांजरांच्या पंजात हाडाचे तुकडे राहिले होते, त्यांचा त्रास जास्त होता. ज्यांची शस्त्रक्रिया नीट झाली होती, त्यांचा कमी. मालकाने मांजर रागीट म्हणून आणलं असेल, पण हाडाचा तुकडा मागे राहणं हे डॉक्टरच्या हातावर अवलंबून, मांजराच्या स्वभावावर नाही. म्हणून या फरकाचा अर्थ वेदनेकडे बोट दाखवतो. मात्र शस्त्रक्रिया चांगली झालेल्या मांजरांतही चावणं आणि घाण करणं साध्या मांजरांपेक्षा जास्तच राहिलं. तिथे ‘आधीपासूनच रागीट’ ही शंका पूर्ण मिटत नाही. मी याला ‘भक्कम, पण अंतिम नाही’ असा पुरावा म्हणेन.

बंदीच्या विरोधकांचा मोठा मुद्दा होता: नखं काढू दिली नाहीत, तर लोक मांजरं आश्रयगृहात आणून टाकतील. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये 2018 साली बंदी आली. तिच्या आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं तपासली गेली. मांजरं सोडून देण्यात वाढ दिसली नाही. सोडणाऱ्यांत ‘नासधूस करते’ हे कारण देणारे मुळातच शंभरात एकाहून कमी होते. म्हणजे ज्या भीतीपोटी पेरं छाटली जात होती, ती भीती कुणी मोजूनच बघितली नव्हती.

एक वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल: नखं काढली की ओरबाडणं थांबतं, पण चावणं वाढलेलं दिसतं.

आता जुन्नर

बिबट्याची नखं जुन्नरमध्ये कुणी काढली नाहीत. पण ‘त्रास देणारा प्राणी आपल्याला सोयीचा करून घ्यायचा’ हा विचार इथेही अंमलात आला, वेगळ्या रूपात. बिबट्या पकडायचा आणि दूरच्या जंगलात सोडायचा.

विद्या अत्रेय, मॉर्टन ऑडेन, जॉन लिनेल आणि उल्हास कारंथ यांचा 2011 चा शोधनिबंध याच प्रयोगाबद्दल आहे. जुन्नर वनविभागात 1993 ते 2001 या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. 2001 मध्ये मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झालं आणि 2003 पर्यंतची सरासरी वर्षाला 17 वर गेली. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. हल्ले जिथे बिबटे सोडले त्या जागांच्या आसपास एकवटले होते.

माझ्या क्षेत्रात हा निबंध जवळजवळ पोथीसारखा वाचला जातो, म्हणून तोही चिकित्सेने वाचू. इथेही तुलना ‘आधी’ आणि ‘नंतर’ची आहे, शेजारी जिथे स्थलांतर झालंच नाही असा तोलामोलाचा प्रदेश नाही. आकडे लहान आहेत. “325 टक्के वाढ” ऐकायला प्रचंड वाटतं, ते 4 चे 17 आहेत. (त्या तेरांतला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी घरातलं माणूस आहे, हे मान्य करूनच हे म्हणते.) शिवाय त्याच काळात धरणं, कालवे आणि त्यामागून ऊस वाढत होता. मग दोष उसाचा नसेल कशावरून?

दोन गोष्टींमुळे मला निबंधाचं म्हणणं पटतं. ऊस वर्षानुवर्षं हळूहळू वाढला, हल्ले एकदम वाढले. आणि ऊस सगळीकडे आहे, हल्ले मात्र सोडण्याच्या जागांजवळ जास्त. शिवाय बिबट्या सोडला तिथे राहतोच असं नाही. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला, तर तो साधारण 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. त्याच्यावर पुढे चित्रपटही आला. आजोबाने वाटेत कुणाला इजा केली नाही. पण प्रत्येक जण आजोबा नसतो.

आणि नखांची गोष्ट इथे अगदी शब्दशः येते. पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या सुटायला धडपडतो, गजांवर दात आणि नखं मोडून घेतो. म्हणजे पकडण्याच्या प्रक्रियेतच आपण त्याला थोडा अपंग करून ठेवतो. सुळे मोडलेल्या जनावराला शिकार जमणार कशी? म्हणून काकांना माझं उत्तर असं: नखं काढून सोडलेला वाघ निरुपद्रवी होत नाही, उपाशी होतो. आणि उपाशी वाघ सोपी शिकार शोधतो. सोडायचा नसेल तर त्याला जन्मभर सांभाळायचा. माणिकडोहच्या निवारा केंद्रात तसे बिबटे आहेत, पण तिथली जागा काही वाढत्या उसासारखी वाढत नाही.

आता माझ्याच बाजूवर टीका

इथपर्यंत वाचून प्राणिप्रेमी वाचक खूश झाले असतील. पण मांजराचा युक्तिवाद जसाच्या तसा बिबट्याला लावणं बरोबर नाही. मांजर ओरबाडतं तेव्हा सोफा फाटतो. बिबट्या येतो तेव्हा उसाच्या कडेला खेळणारं पोर जातं. 2025 च्या शरद ऋतूत शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात माणसं गेली, लोकांनी महामार्ग अडवला. गावातली माणसं बिबट्याने मान धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली. जनावराची नखं काढू नका म्हणणाऱ्यांनी (मीही त्यातच) तो फोटो नीट बघावा. आपण वाघाला नखं ठेवली आणि माणसाच्या गळ्यात खिळे आले.

‘सहजीवन’ हा आमच्या लेखांचा आवडता शेवट. शब्द चांगला आहे, पण त्याचं ओझं कोण उचलतं? पुण्याच्या चौथ्या मजल्यावरून मी उचलत नाही. उचलतो रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला जाणारा शेतकरी, आणि फडाशेजारी कोपीत लेकरं झोपवणारी ऊसतोड बाई. शेतीला दिवसा वीज द्या, ही इथली मागणी बिबट्याच्या प्रश्नावरची मागणी आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्यांच्या आहाराचा 87 टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला, एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. (मांजरंही होती. थोरल्या भावाने धाकट्याला खाल्लं म्हणायचं.) म्हणजे बिबट्या गावाजवळ टिकतो तो आपल्या कचऱ्यावर पोसलेल्या कुत्र्यांवर, आपल्याच कालव्याच्या पाण्यावर, आपल्याच उसात. नख त्याचं आहे, पण बाकीची मांडणी आपली आहे.

आता जुन्नरच्या बिबट्यांवर गर्भनिरोधक लसीचा प्रायोगिक उपाय आलाय, केंद्राने त्याला परवानगी दिली आहे. हेही ‘नखं काढणं’च आहे का? माझ्या मते नाही. पेर छाटणं आणि पिल्लं होऊ न देणं एका मापाने मोजता येत नाहीत. पण प्रश्न तेच विचारायला हवेत. यश कशात मोजणार? किती माद्यांना लस दिली यात, की किती हल्ले कमी झाले यात? आज जिवंत असलेला बिबट्या लसीमुळे गाव सोडून जाणार नाही, मग तोवर फडातल्या माणसाचं काय? आणि शेजारी लस न दिलेला भाग ठेवून तुलना करणार, की पुन्हा ‘आधी’ आणि ‘नंतर’वरच भांडत बसणार?

मांजराच्या बाबतीत लोकांनी ओरबाडणं मोजलं, चावणं मोजलं नाही. जुन्नरमध्ये किती बिबटे हलवले ते मोजलं, हल्ले नंतर कुणीतरी मोजले. तिसऱ्यांदा तरी मोजमाप आधी ठरवू या.

2024 मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती बघायला गर्दी लोटली होती. नखांचं आपल्याला केवढं अप्रूप! पुढच्या वेळी गोळेगावात गेले की काकांना हे सगळं सांगायचं आहे. ते काय म्हणतील, याचा मला साधारण अंदाज आहे: “ते सगळं ठीक, ताई. पण दिवसा लाईट कधी येणार?”

त्या प्रश्नावर माझ्याकडे शोधनिबंध नाही. पण आता तो मला विषयाबाहेरचा वाटत नाही.