षष्ठीतली आई

दिवाळी अंकात शिव्यांविषयी लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय शोभत नाही, हे मलाही कबूल आहे. पण ज्या शब्दांनी आपण आईला आणि आईच्या वयाच्या बायकांना रोज ओरबाडतो, ते शब्द चव्हाट्यावर चालतात आणि समीक्षेत मात्र चालत नाहीत, हा न्याय मला उमगत नाही. तेव्हा पुढे काही शब्द जसेच्या तसे येतील. वाचकांनी ते सोसावेत, एवढीच विनंती.

मी पेशाने शिक्षक. त्यामुळे शिवी ऐकली की राग येण्याआधी मला तिचे व्याकरण दिसते. 'रांडेच्या' ही आपल्याकडची सर्वांत सवयीची हाक घ्या. कोकणात आणि गोव्यात तर ती लाडानेही मारली जाते. शिवी बसते पुरुषाला, आणि अब्रू जाते त्याच्या आईची. ही आई त्या भांडणात हजर नसते, तिने काही केलेले नसते, तिला काही सांगायचेही नसते. ती वाक्यात कर्ता नाही, कर्मही नाही. ती षष्ठीत आहे. षष्ठीचा संबंध क्रियापदाशी नसतो, दुसऱ्या नामाशी असतो. म्हणूनच जुन्या वैयाकरणांनी तिला कारकांच्या पंक्तीत बसवले नाही. आईवरून दिल्या जाणाऱ्या बहुतेक शिव्या या एकाच विभक्तीत उभ्या आहेत. एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला फेकून मारलेला तो धोंडा असतो, आणि धोंड्याला कोणी काही विचारत नाही.

आम्हां सीमाभागातल्या माणसांच्या कानांवर दोन भाषा पडतात. कन्नडात 'मुंडे मग' म्हणतात, 'बोळी मग' म्हणतात. मग म्हणजे मुलगा. मुंडे म्हणजे मुंडण केलेली, विधवा. बोळी म्हणजे आपली बोडकी. एक भाषा आर्य कुळातली, दुसरी द्राविडी. पण शिवीची घडण तीच. १९५६ पासून सीमाप्रश्न भिजत पडला आहे. आईची अब्रू काढण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचे केव्हाच एकमत झालेले आहे.

या शब्दांच्या मुळाशी विधवा आहे, ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. 'रांड' शब्द संस्कृत 'रण्डा'वरून आला. तिथेही विधवा आणि अपशब्द यांची सरमिसळ आहेच. १८३१ साली निघालेला आणि १८५७ साली पुन्हा वाढवून छापलेला मोल्सवर्थचा कोश उघडला, तर विधवा आणि शिवी एकाच शब्दाखाली शेजारी नांदताना दिसतात. 'रांडापोरे' म्हणजे नुसती बायकामुले, असा साधा वापरही होता. पण हळूहळू विधवा हा अर्थ आत गेला आणि वेश्या हा अर्थ दारात येऊन बसला. आता पुरुषाकडे पाहा. बायको मेलेला तो विधुर, खेड्यात रंडका. त्याने दुसरे लग्न केले की तो बिजवर. यांतला एकही शब्द त्याच्या चारित्र्यावर बोट ठेवत नाही. 'रंडक्याच्या' अशी शिवी मी तरी ऐकलेली नाही.

असे का व्हावे? माझ्या मते कारण उघड आहे. जिच्यावर नवऱ्याची मालकी उरली नाही, अशी जाणती बाई समाजाला भीतिदायक वाटली. तिला शरीर आहे, इच्छा असू शकते, आणि तिला विचारणारा कोणी नाही. मग तिचे केस काढले. केस काढूनही भीती गेली नाही, म्हणून त्या बोडक्या डोक्याचीच शिवी केली. म्हणजे शिक्षाही तिलाच, आणि त्या शिक्षेची खूण पुढे पोराबाळांच्या कपाळी.

तरीही हा शब्द शिवी नसलेली एक जागा आमच्याच जिल्ह्यात आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला 'रांडाव पुनव' म्हणतात. जमदग्नी मारला गेला, रेणुका विधवा झाली. तिच्या नावाने त्या दिवशी बांगड्या फोडतात. शब्द तोच, पण त्यात कुचेष्टा नाही, दुःख आहे. त्याच रेणुकेची आधीची कथा सर्वांना ठाऊक आहे. नदीवर जलक्रीडा पाहून तिचे मन क्षणभर चळले, आणि नवऱ्याच्या आज्ञेने मुलानेच आईवर परशू चालवला. आईच्या मनात आलेली एक इच्छा, आणि त्यासाठी मुलाच्या हातून शिरच्छेद! आजची आईवरची शिवी ही त्याच परशूची बोथट नक्कल आहे. लोकांनी मात्र त्या रेणुकेला यल्लम्मा करून, 'आई' म्हणून डोंगरावर बसवले. हा गौरव सांगताना हेही सांगायला हवे, की याच देवीच्या नावाने मुली सोडल्या गेल्या आणि ते थांबवण्यासाठी कर्नाटकाला १९८२ साली कायदा करावा लागला. पूजा आणि विटंबना एकाच उंबऱ्यावर बसू शकतात. म्हणून 'आमच्या संस्कृतीत आईला देव मानतात' एवढ्या वाक्याने हा विषय मिटत नाही.

साहित्याने या षष्ठीचे काय केले, हा माझा खरा प्रश्न आहे. योगायोग पाहा. मोल्सवर्थचा कोश प्रथम निघाला त्याच १८३१ साली बेळगावात बाबा पदमनजींचा जन्म झाला. आणि कोशाची दुसरी आवृत्ती निघाली त्याच १८५७ साली त्यांचे 'यमुनापर्यटन' आले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अनेक अभ्यासक त्या पुस्तकाकडे बोट दाखवतात. तिच्यात धर्मप्रचार आहे, रचना ढिली आहे, हे आक्षेप खरे आहेत. पण कोशात जी बाई शब्दार्थ म्हणून पडली होती, ती इथे घराघरांतून भेटते, बोलते. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. सुरतेच्या एका विधवेवरील खटल्याने वर्तमानपत्रांतून बायकांवर जी राळ उडाली, तिला हे उत्तर होते. बाईला लावलेली सगळी विशेषणे त्यांनी पुरुषापुढे आरशासारखी धरली. पुढे १८९० पासून 'करमणूक'मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली, आणि विधवेने प्रथमपुरुषी एकवचनात आपली हकीकत सांगितली. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर बाई षष्ठीतून उठून प्रथमेत आली. मराठी कादंबरीचे मला ते फार मोठे काम वाटते.

नंतर १९७२ साल उजाडले. त्या एका वर्षात विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आले आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. 'गोलपिठा'ला प्रस्तावनाही तेंडुलकरांचीच. दोन्ही कृतींवर अश्लीलतेचा आरोप झाला. मला तो लागू वाटत नाही. सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणून ठेवतो आणि तोंडाला येईल ते बोलतो. पण त्याच्या शिवीने बाई उघडी पडत नाही, सखाराम पडतो. चंपा तर नवऱ्याला सोडून आलेली. ती त्याच्याच भाषेत त्याला उत्तर देते, आणि शेवटी जीव तिचाच जातो. ढसाळांची शिवी त्या वस्तीतल्या बायकांवर पडत नाही; त्या वस्तीला तसे करून ठेवणाऱ्या व्यवस्थेवर पडते. शिवी दोघांनीही वापरली, पण तिची दिशा फिरवली.

त्यानंतर जे अनुकरण झाले, त्याने शिवी तेवढी उचलली आणि दिशा गाळली. ग्रामीण कथेत पानागणिक आईवरून शिवी घातली की वास्तववाद झाला, अशी समजूत रूढ झाली. कथाकथनाच्या कार्यक्रमांत त्या शिवीला टाळ्या पडल्या. टाळी पडली की ओळखावे, आई पुन्हा षष्ठीत गेली.

आता नवी पिढी. तिला 'रांड' शब्द जुनाट वाटतो. पण १९९९ साली 'अमेरिकन पाय' नावाचा एक अमेरिकन चित्रपट आला, आणि मित्राच्या आईविषयीचे एक चार अक्षरी इंग्रजी संक्षिप्त रूप त्याने जगभर पोचवले. त्याचा विस्तार इथे करीत नाही. तो पोरांना ठाऊक आहे आणि पालकांना नाही, एवढेच सांगतो. त्या चित्रपटात दोन पोरे त्या बाईच्या तसबिरीपुढे उभे राहून तो शब्द उच्चारतात. आणि श्रेयनामावलीत तिला नाव नाही. 'स्टिफलरची आई' एवढेच आहे. पाहा, इंग्रजीतही षष्ठीच! हा शब्द शिवी नाही, कौतुक आहे, असे मुले म्हणतात. पण कौतुक करणारा एक, ऐकणारा दुसरा, आणि जिचे कौतुक ती भिंतीवर टांगलेली. तिला कोणी विचारले आहे?

आपल्याकडेही नातेवाचक शब्द एकेक करून याच वाटेने चालले आहेत. 'आंटी' शब्द आता निर्मळ राहिला नाही. २००८ साली इंटरनेटवरच्या एका चित्रमालिकेने 'भाभी' शब्दाला असा काही वास लावला, की २००९ साली केंद्र सरकारने ती बंद केली. वास मात्र राहिला. 'बाई' हा शब्द अहिल्याबाईंच्या नावाला मान म्हणून जोडलेला. शाळेत तो शिक्षिकेचा, घरात कामाला येणारीचा, आणि 'बाईच्या नादी लागला' म्हटले की भलताच. आमच्या शिक्षिकांना आता 'मॅडम' हवे असते. कोणी याला इंग्रजीचा सोस म्हणेल. मला त्यात एक शब्द हातचा गेल्याची खूण दिसते. पलीकडे कन्नड शाळांत 'अक्कोर' म्हणजे थोरली बहीण म्हणतात. तो शब्द अजून शाबूत आहे, याचा मला हेवा वाटतो.

यावर उपाय काय? शब्दांवर बंदी घालून काही होत नाही, हे 'सखाराम'च्या वेळीच दिसले. शिव्या गाळलेले साहित्यही मला नको. ते खोटे होईल. मी वर्गात आणि वाचनात एकच कसोटी लावतो. शिवी आली, की जिच्यावरून ती दिली त्या बाईला पुस्तकात कुठे तरी क्रियापद मिळते का, ते पाहावे. ऊर्मिला पवारांचे 'आयदान' २००३ साली आले. त्यातली आई विधवा आहे. जुन्या भाषेने तिला कोणता शब्द दिला असता, ते आपण पाहिलेच. पण ती विणते. बांबूच्या वस्तू विणून ती पोरांना वाढवते, आणि लेकीच्या आत्मचरित्राला नाव मिळते ते त्या विणकामावरून. तिथे आई कर्ता आहे. मराठीला हे जमते, एवढा पुरावा मला पुरेसा आहे.